निम्म्या वेगाचा माग

"ह्यातला न्हाई."

मी आकडा बदलला. आठ हजार हर्ट्झ.

"ह्योबी न्हाई."

सहा हजार.

"न्हाई."

काचेपलीकडच्या ध्वनिरोधक खोलीत रावसाहेब बुगड डोळे मिटून बसले होते. हेडफोन लावायचा म्हणून मी त्यांना टोपी काढायला लावली होती. ती घडी करून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती. या चाचणीत आपण पेशंटला एकेक सूर ऐकवतो आणि त्याच्या कानात वाजणारा आवाज त्यातल्या कोणत्या सुराशी जुळतो ते शोधतो. पाच-सहा सूर झाले की माणसं कंटाळतात आणि कशालाही 'हो' म्हणून मोकळी होतात, असा माझा अनुभव होता. अनुभव म्हणजे अकरा महिन्यांचा. हे गृहस्थ कंटाळत नव्हते. मान जरा तिरकी करून प्रत्येक सूर पुरता ऐकून घ्यायचे आणि मग नाकारायचे. बाजारात वांगं दाबून बघून परत ठेवावं, तसं.

चार हजारावर त्यांनी डोळे उघडले.

"हां. ही हाय."

"हीच का?"

"हीच. पण ही न्हवं."

मी माइकचं बटण दाबलं. "काका, काहीतरी एक सांगा. तुमच्या कानात वाजतो तो हाच आवाज आहे की नाही?"

"मॅडम, ही चिं चिं वीस वर्सांची हाय. ती सगळ्यांनाच असती. आमच्या शेडातल्या कुणालाबी इचारा. तिच्यासाठी मी कशाला येतोय? मी आलोय त्यो दुसऱ्यासाठी. डावीकडचा. त्यो माग हाय."

मी कागदावर '४०००' लिहिलं आणि खालच्या यादीत 'माग' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

ती यादी आमच्या पाटणे सरांनी तयार केलेली होती. इचलकरंजीत स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं श्रवण केंद्र होतं आणि मिरजेहून पदवी घेऊन मी तिथं नुकतीच लागले होते. कान वाजण्याला आमच्या शास्त्रात टिनिटस म्हणतात. पुस्तकात त्याची वर्णनं वेगळ्याच जगातली असतात: समुद्राची गाज, चर्चची घंटा. सर म्हणायचे, इथं कुणी चर्च बघितलंय? म्हणून त्यांनी केस पेपरवर गावातले पाच शब्द छापून घेतले होते. रातकिडा, शिट्टी, झांज, शंख, माग. या गावात रस्त्यावर उभं राहिलं तरी यंत्रमागांची खटखट पायांतून वर येते. ज्याचा जन्म मागावर गेला, त्याला कानातल्या कुठल्याही आवाजाचं एकच नाव येतं. 'कानात माग बसलाय.' मला आकड्यांची हौस होती. अकरा महिन्यांत मागावरचे त्रेसष्ट पेशंट आले होते, त्यातल्या एकेचाळीस जणांनी 'माग' सांगितला होता, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांचा सूर तीन ते सहा हजारांच्या मध्ये जुळला होता. त्याचा तक्ता करून मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. माग म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

याला आता चौदा वर्षं झाली.

रावसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांची बायको, आक्काताई, माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या.

"सापडला का यांचा माग?" त्यांनी मला विचारलं. "मी सांगतो मॅडम, कान वाजायलेत यांचं. परवा म्हणाले, कुकरची एकच शिट्टी झाली. तीन झाल्या हुत्या."

"त्या झाल्या तवा तू बोलत हुतीस," रावसाहेब म्हणाले. "तुझ्या बोलण्यात कारखान्याचा भोंगाबी ऐकू येत न्हाई."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि आवाज खाली आणला.

"मी जॉबर हाय मॅडम. माग बिघडला की मी दुरुस्त करतो. पण बिघडल्यावर कुणीबी करंल. मी बिघडायच्या आधी सांगतो. चाळीस माग चालू असत्यात, त्या कालव्यात मधनं नुसता चालत गेलो तरी सांगतो, सातव्याचा पट्टा सैल पडलाय, अकराव्यात धोटा घासायलाय. तीस वर्सं सांगत आलोय. रावसाब जॉबरचा कान चुकत न्हाई म्हनत्यात गावात."

"म्हणत होते," आक्काताई म्हणाल्या.

"तेच तर." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "गणपतीच्या आधीपास्नं ह्यो आवाज सुरू झाला. मला वाटलं, तेरा नंबरचा माग बोलायलाय. थांबवला, उघडला. काय न्हाई. दुसऱ्या दिवशी परत थांबवला. काय न्हाई. मालक काय बोलले न्हाईत, नुसतं बघितलं. तिसऱ्या टायमाला माग खरंच बोलत हुता. आन् मीच म्हनलं, जाऊ दे, माझ्या कानातलाच असंल. त्यातला धोटा उडाला आन् शेवंता म्हनून एक बाई कामाला हाय, तिच्या खांद्यात बसला. हाड मोडलं."

धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धागा नेणारा लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. मागातून सुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

"मालक म्हनले, रावसाब, तुमचं कान वाजत्यात. दिवाळीनंतर गेटवर खुर्ची टाकून बसा, पगार तोच देतो." त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही तळवे ठेवले. "मॅडम, पगाराचं न्हाई. माझा कान खरा हाय का खोटा, एवढं मला लिहून द्या. खोटा असला तर मी आपल्या हातानं पाना ठेवतो."

असा पेशंट मला तोवर भेटला नव्हता. मी कागद पुढे ओढला. "मला सांगा, नेमकं कसं वाजतं?"

त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "खस्. खस्. खस्. खस्." आणि त्याबरोबर तळहात टेबलावर पुढे-मागे फिरवला. "धोटा जातोय आन् येतोय. पण मॅडम, ह्यो निम्म्या वेगानं चालतोय. आमचा माग मिनिटाला दीडशे फटके मारतो. ह्यो त्याच्या निम्मा. इतक्या हळू कुठला माग चालतच न्हाई, मोटार जळंल."

"कानातल्या मागाला मोटार नसते काका."

"व्हय की," ते म्हणाले. "लोडशेडिंगबी न्हाई त्याला."

मी त्यांना एका कोऱ्या कागदावर कानाच्या आतलं चित्र काढून दाखवलं. शंखासारखा भाग, त्यातल्या बारीक केसांच्या पेशी. तीस वर्षांच्या आवाजानं त्या कशा झडतात आणि जिथं पेशी झडल्या तिथून मेंदूला काहीच येईनासं झालं की मेंदू स्वतःच आवाज तयार करून ती जागा कशी भरतो. ही मांडणी मला फार आवडायची. मी ती चांगली करायचे.

"म्हंजे ही म्हनती ते बरोबर?" रावसाहेबांनी बायकोकडे अंगठा केला. "आवाज न्हाईच?"

"तसं नाही. तुम्हाला ऐकू येतो हे खरंच आहे. पण खरोखरचं काही वाजत नाही."

"भाईर वाजत न्हाई, ते मलाबी कळतंय. आत वाजायलंय." त्यांनी चित्रातल्या शंखावर बोट ठेवलं. "आत कोण वाजवायलंय?"

"कुणीच नाही. मेंदूला तसं वाटतं."

त्यांनी शंखावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या हाय."

मी पुढचं सगळं व्यवस्थित केलं. दुर्बीण लावून कान तपासला, पडदा स्वच्छ होता. पडद्याचा दाब मोजला, बरोबर होता. श्रवणाचा आलेख काढला. दोन्ही कानांत चार हजारापाशी खड्डा होता, मागवाल्यांचा असतो तस्साच. केस पेपरवर लिहिलं: टिनिटस, दोन्ही कान, ४००० हर्ट्झ, आवाजाच्या आघातामुळे. मालकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून दिलं की श्रवणशक्ती कामापुरती ठीक आहे, कर्णनादावर उपचार चालू आहेत, महिन्याभरात फरक पडेल. रावसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कानांत यंत्रं बसवली. दिसायला ऐकू येण्याच्या यंत्रासारखीच, पण त्यात एक मंद, पाटाच्या पाण्यासारखा आवाज सतत चालू राहतो. कानातला आवाज त्यात विरतो. त्याबरोबर शिकवायचं असतं ते त्याहून महत्त्वाचं: आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. लक्ष दिलं की मेंदू त्याला मोठा करतो. दुर्लक्ष केलं की मेंदू त्याला फर्निचर समजू लागतो.

"म्हंजे ऐकायचं सोडायचं," रावसाहेब म्हणाले.

"तेवढाच एक आवाज ऐकायचा सोडायचा."

"हे अवघड हाय मॅडम. आमच्यात एका मागाकडं कान बंद केला की चाळिसाकडं बंद हुतो."

पण ते जिद्दीचे होते. मी सराव दिला की करून यायचे. मी वही दिली, तर रोज सकाळ-संध्याकाळ आवाज किती त्रासदायक वाटला त्याला दहापैकी गुण देऊन यायचे. मोत्यासारखं अक्षर, बाजूला कधी मागाचा नंबर, कधी हवामान.

तिसऱ्या भेटीला ते एकटेच आले. आक्काताई चंदूरला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेल्या होत्या. त्या दिवशी ते खुशीत होते, एखादा कूट प्रश्न सुटल्यासारखे.

"मॅडम, बटण सापडलं."

"कशाचं?"

"मागाचं." डाव्या कानातलं यंत्र काढून त्यांनी कानामागे, हाडाच्या खाली, अंगठा दाबला. "हितं दाबलं की बंद. सोडलं की चालू. बघा, आता बंद. आता चालू. आता बंद."

मला याचंही उत्तर माहीत होतं. मानेच्या नि जबड्याच्या स्नायूंमधून येणाऱ्या संवेदना ऐकण्याच्या केंद्राशी जोडलेल्या असतात; दाबल्यावर, दात आवळल्यावर टिनिटस बदलतो, अशा पेशंटांचा एक गटच आहे. मी त्यांना ते समजावलं आणि वहीत नोंद केली. मनातल्या मनात म्हटलं, सरांना दाखवायला हवी, सुंदर केस आहे.

"आन् वेगबी बदलतोय. तुमचा हा जिना चढून आलो की पळतोय नुसता. हितं पाच मिंटं बसलो की परत निम्म्यावर."

"जिना चढल्यावर शरीरावर ताण येतो ना. ताणानं टिनिटस वाढतो."

"वाढत न्हाई मॅडम. पळतो."

"तेच ते."

त्यांनी यंत्र परत कानात बसवलं. मग म्हणाले, "यंत्र लावल्यावर ऐकू येत न्हाई, हे खरं हाय. रातचं काढून ठेवलं की मातर हाय तिथंच हाय. आदीपेक्षा मोठा झालाय म्हनलं तरी चालंल."

"आवाज मोठा झालाय, की तुमचं त्याच्याकडे लक्ष जास्त जातंय?"

हा प्रश्न मला पुस्तकानं शिकवला होता. तो मी हळू, ठामपणे, चेहऱ्यावर हसू ठेवून विचारायचे. रावसाहेबांनी त्यावर विचार केला. त्यांना जे वाटत नाही ते बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांना वेळ लागला.

"तुमी म्हनता तर," ते अखेर म्हणाले, "लक्षच असंल."

आमच्याकडे त्रास मोजायची पंचवीस प्रश्नांची यादी असते. पहिल्या दिवशी त्यांना शंभरपैकी बहात्तर गुण होते. दिवाळीच्या आठवड्यात चौतीस आले. मालकांनी त्यांना गेटवर बसवलं नाही. फराळाचा डबा घेऊन दोघं नवराबायको केंद्रावर आली होती. रावसाहेब सरांना म्हणाले, "मॅडमनी माझं कान परत आणून दिलं." डिसेंबरात कोल्हापूरला आमच्या क्षेत्रातल्या लोकांची एक सभा झाली, त्यात सरांनी बहात्तर आणि चौतीस हे दोन आकडे पडद्यावर दाखवले आणि खाली माझं नाव लिहिलं होतं. मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला.

फेब्रुवारीत रावसाहेब ठरलेल्या तारखेला आले नाहीत. मार्चमध्येही नाहीत. मी समजले, बरं वाटलं की माणसं येत नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी जिन्यावर एक पाय ओढत चढल्याचा आवाज आला. पुढे आक्काताई होत्या. त्यांच्या खांद्यावर हात टाकून, उजवा हात पोटाशी लोंबता, रावसाहेब. टोपी होती. तिच्याखाली एका बाजूचे केस अजून आखूड, आणि टाक्यांच्या व्रणाची ओळ.

मी उठून उभी राहिले. आक्काताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय उचलून नीट ठेवला, आणि मग घाम पुसला.

"फेब्रुवारीत कारखान्यातच पडले. डोसक्यात रक्तस्राव झाला. सांगलीला न्हेलं. बावीस दिवस हुतो तिथं. आता बोलायचं शिकवायला पायजे म्हणाले. मी म्हनलं, दुसऱ्या कुणाकडं न्हाई, आमच्या मॅडमकडंच जातो. तुमीच त्यांचं ऐकून घेतलासा. घरात कोण ऐकत न्हवतं."

आमच्या शिक्षणात दोन्ही येतं, ऐकणं आणि बोलणं. मी रावसाहेबांकडे पाहिलं. "काका, ओळखलंत का मला?"

"आयला," ते म्हणाले.

"एवढाच शब्द उरलाय बघा," आक्काताई म्हणाल्या. "पाणी पायजे, आयला. भूक लागली, आयला. नातवंडं हसत्यात. जन्मात कधी तोंडात शिवी न्हवती."

त्यांनी पिशवीतून फाइल काढली. मी सुरुवातीचे कागद उलटत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् मॅडम, त्यो आवाज खरा हुता."

"कुठला?"

"कानातला. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीला लावायची ती नळी ह्यांच्या कानामागं लावली. हितं. आन् म्हणाले, मलाबी ऐकू येतंय. मग मला लावायला दिली. मीबी ऐकला. खस्, खस्, खस्. डोसक्यातल्या दोन शिरा एकमेकीला जुळल्या हुत्या म्हणं, जिथं जुळायला नकोत तिथं. रक्त जोरानं फेकायल्या हुत्या. त्याचा आवाज. सा-सात महिनं वाजत हुता, आन् मी म्हनत हुतो, कान वाजायलेत."

मी कागदावरून मान वर केली नाही. तिथं डिस्चार्जच्या पानावर तेच लिहिलं होतं, जास्त अक्षरांत. मिनिटाला दीडशेच्या निम्मे किती, हा हिशेब मी त्या क्षणापर्यंत केला नव्हता. पंच्याहत्तर. जिना चढल्यावर शंभर, एकशेदहा. त्या माणसानं मला उपमा दिलीच नव्हती. त्यानं मोजून सांगितलं होतं. एका बाजूला, नाडीबरोबर, दाबल्यावर बंद. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर यंत्र लावायचं नसतं, त्याच दिवशी पुढे पाठवायचं असतं, हे मी अंतिम वर्षाच्या पेपरात लिहिलं होतं. नऊ गुणांचा प्रश्न होता.

"त्या डॉक्टरांनी एक कागद मागितलाय," आक्काताई म्हणाल्या. "आधी कुठं दाखवलं हुतं, तिथला कागद आणा म्हणाले. त्यास्नी बघायचंय."

"देते. आधी यांची तपासणी करते."

मी रावसाहेबांना वीस प्रश्न विचारले. हो किंवा नाही, एवढंच. मान हलवली तरी चालेल. तुमचं नाव रावसाहेब आहे का? हो. हे पेन आहे का? हो. दगड पाण्यावर तरंगतो का? हो. तुम्ही बाई आहात का? बराच वेळ, मग हो. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवलं तरी दहा येतात. आक्काताईंना मी समजावून सांगितलं की सध्या त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका, त्यांना वाटतं एक आणि मान हलते दुसरीच. महिना-दोन महिन्यांनी सुधारेल.

"तेच हुतंय," त्या म्हणाल्या. "चहा पायजे का म्हनलं की न्हाई म्हनत्यात, आन् दिला की पित्यात."

मग मी जुना केस पेपर काढायला आतल्या खोलीत गेले. पाटणे सर तिथं होते. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पेपर काढून टेबलावर ठेवला. शेवटचा रकाना होता: 'पुढील तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवले – तारीख.' रिकामा.

सरांनी तो रकाना वाचला. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "लिहायचं राहिलेलं दिसतंय."

मी पेपर टेबलावर सरळ केला.

"आपण सगळ्यांनाच सांगतो, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणून. तूही सांगितलं असशीलच. बोलण्याच्या ओघात." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तू चोवीस वर्षांची आहेस, प्रज्ञा. हा कागद सांगलीला जाणार आहे."

ते बाहेर गेले. मी खिशातलं पेन काढलं. ते निळं होतं. जुन्या नोंदी काळ्या शाईत होत्या. मी ड्रॉवरमधून काळं पेन शोधलं. तारीख कोणती घालायची, यावर मला विचार करावा लागला नाही. पहिल्या भेटीला आक्काताई समोर बसल्या होत्या. यंत्र बसवलं तेव्हाही होत्या. तिसऱ्या भेटीला ते एकटे आले होते. मी तिसऱ्या भेटीची तारीख घातली आणि पुढे लिहिलं: 'डाव्या कानासाठी तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, असे पेशंटला समजावून सांगितले.' मला वाटलं, हा कागद डॉक्टर वाचतील. एवढंच वाटलं.

झेरॉक्स काढून मी आक्काताईंच्या हातात दिली. पाकिटात घालून द्यायला हवी होती.

त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि बोट फिरवत पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा हसल्या. वय आलं. 'माग' आलं. मी उगाच फायली सरळ करत राहिले. बोट खाली, खाली येत गेलं आणि थांबलं. त्यांनी ती ओळ एकदा मनात वाचली आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं.

"तातडीने," त्या म्हणाल्या. "म्हंजे लगेच ना मॅडम?"

"हो."

त्यांनी तारीख पाहिली. बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या दिवशी मी चंदूरला गेलतो. बारशाला."

मी मान हलवली.

आक्काताई खुर्चीतल्या खुर्चीत नवऱ्याकडे वळल्या. चष्मा अजून नाकावरच होता.

"तुमाला सांगितलं हुतं? मॅडमनी सांगितलं हुतं, डॉक्टरला दाखवा म्हनून?"

रावसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मला का न्हाई सांगितलंसा?" त्यांचा आवाज चढला. "मी न्हेलो नसतो? पैंजण मोडून न्हेलो असतो. संध्याकाळी घरी आलो तवा विचारलं हुतं की मी, काय म्हणाल्या मॅडम? तुमी म्हणालासा, लक्ष देऊ नको म्हणाल्या. एवढंच म्हणालासा. जन्मभर चाळीस मागांचं गुपित मला सांगत बसलासा, आन् हे एक लपवलासा?"

"आयला," रावसाहेब म्हणाले. त्यांची मान हलू लागली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पुन्हा. पुन्हा. डाव्या हाताची बोटं वर आली, आक्काताईंच्या हातातल्या कागदाकडे गेली, तिथून माझ्याकडे वळली आणि हवेत थांबली. "आयला. आयला."

"द्या आता शिव्या," आक्काताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "गेटवर बसायला नको म्हनून लपवलासा. कान खोटा ठरंल म्हनून. व्हय ना?"

मान हलतच होती. इतकी जोरात, की टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलायचा प्रयत्नही केला नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि 'नाही' म्हणत होते. वीसपैकी अकरा नव्हे. एकदाही न चुकता.

आक्काताईंनी ते पाहिलं. क्षणभर त्या गोंधळल्या. मग माझ्याकडे वळून, विद्यार्थ्यानं शिक्षकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्यांचं आता उलटंच येतंय ना? न्हाई म्हंजे व्हयच समजायचं ना?"

रावसाहेबांची मान थांबली. तेही उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हणाले. "असं होतं."